फ्रिजच्या आधीचा गारवा
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त रामघाट, उज्जयिनी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सव समितीने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपवली. आताच आपण न्यासाचा अहवाल ऐकला. उन्हाळ्यातली पाणपोई आणि सणावारी होणारे अन्नदान ही आपली सर्वांत जुनी दोन कामे आहेत, असे त्यात म्हटले आहे. एका कामात पाणी गार ठेवावे लागते आणि दुसऱ्यात अन्न बिघडण्याच्या आत योग्य हाती पोचवावे लागते. म्हणून आज त्याच विषयावर बोलावे असे मी ठरवले: घरोघरी फ्रिज येण्यापूर्वी आपली घरे अन्नपाणी गार कशी ठेवीत, आणि त्यांतले काय आपण अजून जपावे. या विषयातल्या खऱ्या जाणकार समोर बसलेल्या आजीबाई आहेत. मी पडलो शाळामास्तर. त्या जे हातांनी करीत आल्या, त्यामागचे कारण तेवढे मी सांगणार आहे.

प्रथम आपल्या हवेविषयी. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंच आहे. येथला उन्हाळा कडक, पण कोरडा. दिवस भाजून काढतो, रात्र मात्र उतरते. 'शब-ए-मालवा' म्हणून येथल्या रात्रीची ख्याती आहे, ती उगाच नव्हे. वैशाखातल्या दुपारी या घाटाच्या दगडी पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. परंतु त्याच दुपारी सावलीत ठेवलेल्या माठातले पाणी प्यावे, तर दात शिवशिवतात. जी कोरडी हवा आपल्याला कोरड आणते, तीच माठाला गारवा देते. कोकणातून पहिल्यांदा येथे आलेल्या माणसाला याचे नवल वाटते, कारण त्याच्या गावी हाच माठ इतके काम करीत नाही.

याचे कारण सोपे आहे. माठ कच्च्या मनाचा असतो, पाणी पोटात ठेवीत नाही. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून थोडे थोडे पाणी बाहेर पाझरते आणि वाऱ्याने सुकते. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. ती उष्णता माठाच्या अंगातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाते तेव्हा ते सुमारे 580 कॅलरी उष्णता बरोबर नेते. तुलनेसाठी सांगतो, एक ग्रॅम बर्फ वितळताना केवळ 80 कॅलरी घेतो. आता हिशेब करू. दहा लिटर पाणी 35 अंशांवरून 25 अंशांवर आणण्यास 100 किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. त्यासाठी कागदावर पावणेदोनशे ग्रॅम, म्हणजे एक पेलाभर पाणी उडून गेले तरी पुरते. बाहेरची उष्णता सतत आत येत असते, म्हणून प्रत्यक्षात याहून अधिक जाते. माठात रात्री भरलेले पाणी सकाळी थोडे उतरलेले दिसते, ती या गारव्याची किंमत आहे.

पण या गारव्याला मर्यादाही आहे, आणि ती हवेतल्या ओलाव्याने ठरते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला, म्हणजे पारा जेथे येऊन थांबतो त्याच्या खाली माठातले पाणी जाऊ शकत नाही. हवा 40 अंश तापलेली आणि सापेक्ष आर्द्रता शेकडा 20 असली, तर हा पारा सुमारे 22 अंशांवर उतरतो. उलट समुद्रकाठी हवा 32 अंश आणि आर्द्रता शेकडा 75 असली, तर तो 28 अंशांच्या आसपासच अडतो. म्हणजे उन्हाचा ताप आपल्याकडे अधिक, पण माठाचे पाणीही आपल्याकडेच अधिक गार. पावसाळा लागला, हवा पाण्याने भरली, की आपल्याकडचाही माठ हात टेकतो.

हे शास्त्र कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते, तरी जुन्या घरांना त्याची बारीकसारीक कलमे ठाऊक होती. माठ सावलीत, पण वाऱ्याच्या वाटेवर ठेवावा. कोंदट खोलीत ठेवू नये. घडवंचीखाली किंवा तिवईवर ओली वाळू असावी. नवा माठ एक दिवस पाण्यात भिजवून मग भरावा. तळाला साचलेले गाळून रोज काढावे. पाण्यातले क्षार छिद्रांत बसून ती बुजतात, म्हणून दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी नवा माठ आणावा. आज बाजारात रंगरोगण केलेले चकचकीत माठ मिळतात. ते दिवाणखान्यात शोभतात, पण रंगाने छिद्रे बंद झाल्यामुळे त्यांत पाणी गार होत नाही. अक्षय्य तृतीयेला उदककुंभ देण्याची चाल आपल्यात आहे. ऐन वैशाखात, ज्याच्या घरी माठ नाही त्याच्या घरी भरलेला नवा घडा पोचवणे, यापेक्षा समयोचित दान दुसरे कोणते असेल? आमच्याकडे मोहरमच्या दिवसांत सबील लावतात. तहानलेल्याला पाणी पाजणे हे पुण्य आणि सवाब दोन्ही नावांनी एकच आहे.

माठाचे भाऊबंदही पुष्कळ. प्रवासात सुरई जाई. किरमिजी कापडाची छागल आगगाडीच्या खिडकीबाहेर किंवा मोटारीच्या पुढे टांगलेली आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गाडी जितकी धावे तितके पाणी गार. भिस्ती कातडी पखालीतून घरोघर पाणी भरी आणि संध्याकाळी अंगणे व रस्ते शिंपी. दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारीत. आत येणारी झळ सुगंधी झुळूक होऊन येई. तत्त्व सगळीकडे एकच: पाणी उडू द्यावे आणि गारवा घ्यावा.

हे तत्त्व राजांनीही वापरले, आणि त्याचा एक दाखला आपल्या शहराच्या उत्तरेस क्षिप्रेच्या पात्रातच उभा आहे. कालियादेह महाल सोळाव्या शतकाच्या आरंभी माळव्याचा सुलतान नासिरुद्दीन खिलजी याने बांधला. नदीचे पाणी दगडी नागमोडी पाटांतून आणि कुंडांतून खेळवून बसण्याची जागा गार करण्याची ती योजना होती. अकबर आणि जहांगीर हे दोघे बादशहा ती पाहून गेले. पुढे पडझड झालेल्या या वास्तूचा जीर्णोद्धार माधवराव शिंदे यांनी 1920 मध्ये करवला. अकबराच्या दरबाराची हकीकत अबुल फजल याने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवली आहे. पाणी गार करण्यास शोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूतला सोरा, कसा वापरीत, हे तीत दिले आहे. पाच शेर पाण्यात अडीच शेर शोरा टाकावयाचा आणि एक शेर पाण्याची बंद तोंडाची धातूची सुरई त्यात घटकाभर फिरवावयाची. शोरा विरघळताना उष्णता शोषतो आणि सुरईतले पाणी गार होते. दरबार पंजाबात गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागले, असेही तो नमूद करतो.

पुढे बर्फ सातासमुद्रापलीकडून आले. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचे बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून, 1833 मध्ये जहाजाने कलकत्त्यास उतरवले गेले. चार महिन्यांचा प्रवास करून निम्म्याहून अधिक बर्फ शिल्लक राहिले होते. 1834 मध्ये ते मुंबईसही आले. त्यानंतर बर्फाचे कारखाने निघाले, आणि गोणपाटात व भुशात गुंडाळलेली लादी हातगाडीवरून घराच्या दारापर्यंत आली. परंतु बादशहाचा शोरा काय किंवा साहेबाचे बर्फ काय, ते सामान्य घराच्या आवाक्यातले नव्हते. लग्नकार्यात किंवा एखाद्याच्या तापात बर्फ आणीत. रोजच्या अन्नासाठी नव्हे. सामान्य घराजवळ माठाचा दहा-पंधरा अंशांचा गारवा होता. तेवढ्यावर त्याला संसार करावयाचा होता.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. माठाच्या गारव्याने पाणी सुखाचे होते; पण अन्न टिकते का? स्पष्ट सांगावयाचे तर फारसे नाही. अन्न नासवणारे जंतू साधारण 5 ते 60 अंशांच्या दरम्यान वाढतात. अनुकूल उष्णतेत त्यांतले काही वीस मिनिटांत दुप्पट होतात. दर वीस मिनिटांनी दुप्पट या हिशेबाने एकाचे सात तासांत वीस लाखांवर होतात. माठाच्या 24-25 अंशांत हा वेग मंदावतो, थांबत नाही. माठ अन्नाला काही तास मिळवून देई, दिवस नव्हे. मग आपल्या आज्या-पणज्या काय करीत?

पहिली गोष्ट, असलेला थोडा गारवा त्या जपून, ज्याला अधिक गरज त्यालाच देत. दुधाचे पातेले परातभर पाण्यात ठेवीत, वर ओले फडके घालून त्याची टोके पाण्यात बुडवीत. फडके पाणी वर ओढी आणि सुकता सुकता पातेले गार करी. लोणी पाण्यात ठेवून ते पाणी बदलीत. भाजीची जुडी ओल्या कापडात, माठाच्या बुडाशी. ज्यांच्याकडे आड होता ते ताकाची कळशी दोरीने आत सोडीत, कारण खोल जमिनीत उन्हाळा पोचत नाही. शिंके छताला टांगलेले असे, ते केवळ मांजराच्या भीतीने नव्हे. चहूबाजूंनी वारा लागावा हाही हेतू होता. दुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत असत, म्हणजे मुंग्या चढत नसत.

दुसरी गोष्ट, जे टिकणार नाही त्याचे रूप त्या वेळीच बदलून टाकीत. दूध पाहा. कच्चे दूध उन्हाळ्यात काही तासांचे सोबती. तापवले तर दिवसभराचे. विरजले तर दही दोन दिवस, आंबट होत जाईल, पण वाया जाणार नाही. दह्याचे लोणी, लोण्याचे तूप, तूप महिनोन्महिने. प्रत्येक पायरीवर पाणी कमी किंवा आंबटपणा अधिक, आणि जंतूंना जागा उणी. माळव्यातल्या हलवायांनी हेच दूध आटवून मावा केला. भाज्यांचे सांडगे, कैरीचे लोणचे, डाळीचे पापड ही सगळी ऐन उन्हाळ्याची कामे होती. ऊन जे नासवी तेच ऊन कामाला लावून पावसाळ्याची बेगमी होई. आमच्याकडे ईदेच्या शीरखुर्म्याचे दूध आदल्या रात्री आले, तर घरातले कोणीतरी जागून ते पुनःपुन्हा उकळी. रात्र जागवणारे ते माणूसच त्या घराचे शीतकपाट होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: मोजमाप आणि वाटप. माणसे मोजून भाकरी टाकीत. उरलेच तर ते उद्यावर ठेवण्याची सोय नव्हती. म्हणून रात्री दिवा मालवण्यापूर्वी निर्णय होई: हे शेजारी जाईल, हे कामाच्या बाईला, हे दारच्या मागत्याला, हे गाईला. अन्न चांगले असतानाच ते घराबाहेर पडे. उद्या सकाळी ते देण्याजोगे उरणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते. शिळे अन्न मुद्दाम खाण्याचा दिवसही ठरलेला होता. माळव्यात शीतला सप्तमी होळीनंतर आठवड्याने येते, चूल विसावते, आदल्या दिवशीचे गार अन्न खातात. ऊन अजून पेटलेले नसते. वैशाखात असा दिवस कोणी ठेवला नाही.

बंधुभगिनींनो, जुने ते सगळे सोने, असे मी म्हणत नाही. नासलेल्या अन्नाने आणि अशुद्ध पाण्याने त्या काळी घराघरातली लहान मुले दगावत. गार पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. जंतू माठातही मजेत राहतात. शिवाय हा सारा गारवा ज्यांच्या श्रमांवर उभा होता त्या स्त्रिया होत्या. पहाटे पाणी भरणे, तीन वेळा दूध तापवणे, दोन वेळा चूल पेटवणे, दुपारी उन्हात पापड राखणे. सुट्टी कोणत्याच दिवशी नाही. 1958 मध्ये गोदरेजने भारतात तयार केलेला फ्रिज बाजारात आणला. पुढच्या काही दशकांत तो मध्यमवर्गाच्या घरी पोचला, तेव्हा स्त्रीच्या हातून निदान एका वेळची चूल सुटली. लसी 2 ते 8 अंशांत ठेवाव्या लागतात. ते माठाचे काम नाही. फ्रिजला नावे ठेवणारा मनुष्य बहुधा स्वतः दूध तापवणारा नसतो.

परंतु फ्रिजने एक गोष्ट नकळत केली. त्याने दानाची वेळ पुढे ढकलली. पूर्वी उरलेले अन्न त्याच संध्याकाळी द्यावे लागे. आता ते आत जाते. पहिल्या दिवशी आपण म्हणतो, उद्या खाऊ. दुसऱ्या दिवशी ताजे केलेले असते. तिसऱ्या दिवशी झाकण उघडून वास घेतला जातो, आणि मग कोणाला तरी देण्याची आठवण होते. जे आपण स्वतः खाणार नाही ते आपण देतो, आणि त्याला दान म्हणतो. दोष यंत्राचा नाही. यंत्राने आपल्याला सवड दिली, आणि ती सवड आपण साठवण्यात घालवली.

जुने तत्त्व संपलेले नाही, हेही सांगावयास हवे. उत्तर नायजेरियातले मोहम्मद बाह अब्बा हे कुंभारांच्या घराण्यातले शिक्षक. एका मोठ्या मडक्यात दुसरे लहान मडके, मधल्या जागेत ओली वाळू, वर ओले फडके, अशी योजना त्यांनी 1995 पासून गावोगावच्या गरीब शेतकऱ्यांना दिली. तीन दिवसांत सुकणारी वांगी त्यात सत्तावीस दिवस टिकली. 2000 मध्ये त्यांना या कामासाठी रोलेक्स पारितोषिक मिळाले. आपल्याकडे गुजरातमधील वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती यांनी 2001 च्या भूकंपानंतर विजेविना चालणारा मातीचा फ्रिज घडवला. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने विटांच्या दोन भिंती आणि मध्ये ओली वाळू, असा शेतावरचा शीतकक्ष तयार केला. ज्या घरी फ्रिज नाही, तेथे वापरातली इन्सुलिनची कुपी कोरड्या डबीत घालून मातीच्या गार भांड्यात ठेवण्यास डॉक्टर सांगतात. आजीची परात आणि ओले फडके यांचेच हे सारे वंशज.

आता आपल्या न्यासापुरते तीन शब्द. महोत्सवी देणगीतून पाणपोईवर विजेचे थंड पाण्याचे यंत्र बसवावे, अशी सूचना विश्वस्तांपुढे आहे. 2028 चा सिंहस्थ जवळ येत आहे, गर्दी अफाट होणार, तेव्हा यंत्र अवश्य बसवावे. पण त्यासाठी माठ उचलू नयेत. वीज गेली तरी माठ थांबत नाही. दर वर्षी नवे माठ घेतले तर आपल्याच भागातल्या कुंभाराची चार महिन्यांची कमाई होते. आणि उन्हात पायऱ्या चढून आलेल्या वृद्धाला माठाचे पाणी सोसते. मात्र पाणी शुद्ध केलेलेच भरावे, नदीचे भरू नये. आपली क्षिप्रा आता नर्मदेचे पाणी उसने घेऊन वाहते, 2014 पासून त्यासाठी जोडयोजना सुरू आहे, तिच्याकडून पिण्याचे पाणी मागणे बरे नव्हे. माठांना तोट्या लावाव्यात, म्हणजे कोणाचा हात पाण्यात जाणार नाही; आणि ते रोज घासावेत. हे घासण्याचे काम केवळ स्वयंसेविकांवर टाकू नये. तरुण मंडळींनी वाटून घ्यावे.

दुसरे, अन्नदानाविषयी. आपल्या सभासदांच्या घरी कार्य असेल तेव्हा उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी न्यासाकडे पाठवण्याची रीत पडली आहे. ती बदलावी. पंगत उठल्यावर त्याच वेळी निरोप द्यावा, आणि न्यासाच्या दोघा-तिघांनी ते गरम असतानाच घाटावरच्या व धर्मशाळेतल्या माणसांपर्यंत पोचवावे. रात्री उशीर होईल, पेट्रोल लागेल, झोपमोड होईल. पण दूध राखण्यासाठी जागणाऱ्या घरांतले आपण आहोत.

तिसरे प्रत्येक घरासाठी. आठवड्यातून एक दिवस ठरवावा. त्या दिवशी फ्रिज उघडून जे आपण खाणार नाही, पण जे अजून खाण्याजोगे आहे, ते द्यावे. आपल्या पानात वाढता येईल तेच दुसऱ्याच्या पानात वाढावे, एवढी एकच कसोटी. मुलांच्या हातून ते द्यावे, म्हणजे कपाट कशासाठी असते हे त्यांना कळेल.

जुन्या घराकडे गारवा थोडा होता, म्हणून हिशेब मोठा होता. आपल्याकडे गारवा भरपूर आहे. हिशेब तेवढा राखावा. माठ भरताना आपण तो आपल्या तहानेपुरता कधी भरला नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी दोन घागरी अधिकच भरल्या. या न्यासाची पन्नास वर्षे त्या दोन अधिक घागरींनीच चालली आहेत. पुढचीही तशीच चालोत, अशी प्रार्थना करतो.